नऊ दिवसांची सोय

पोर्ट ऑफ स्पेन,
१७ जानेवारी १९९३

प्रिय ड्रुसी,

ख्रिसमसला पाठवलेला तुझा काळा केक पोचला. एक कोपरा बोटीत चेपला होता, तोच आधी खाल्ला.

आता कामाचं. ईस्टर झाल्यावर, पंधरा एप्रिलच्या गुरुवारी, मी कॅरिआकूला यायचं म्हणते आहे. नऊ दिवस. तुझ्या दादाच्या, ऑस्बर्टच्या मातीनंतर पाच वर्षांत बेटावर पाऊल ठेवलं नाही, हे तू दर पत्रात लिहितेस. आता लिहू नकोस.

एक सांगते, रागावू नकोस. या खेपेला तुझ्याकडे उतरणार नाही. मला समुद्राजवळ भाड्याच्या दोन खोल्या हव्या आहेत. बरोबर एव्हलिन असेल. चर्चच्या वाचनालयात आमची ओळख झाली, त्याला दोन वर्षं होतील. सोबत चांगली आहे, पण झोपेत घोरण्याची खोड आहे, तेव्हा खोल्या वेगळ्या बऱ्या. तुझ्या घरी उतरलो तर आम्ही अडचणीत झोपणार आणि तू पहाटे उठून चुलीपाशी जाणार. ते नको.

अनवाणी चालत पाण्यापर्यंत जाता आलं पाहिजे. पंखा हवा. सकाळचा चहा आपला आपण करता यावा. आणि जवळ एखादा साधा बार हवा, वाळूत खुर्च्या, वर पत्रा किंवा झावळ्या, थंड बिअर, तळलेला मासा. शक्यतो तुम्ही कोण, कुठले, असं विचारणारं कोणी नको.

एकतीस वर्षांच्या संसारात मी तुमच्या बेटावर निदान वीस वेळा आले असेन. पण तिथे पाहुणे कुठे राहतात आणि कुठे बसतात, हे मला कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. म्हणून तुला विचारते.

तुझी,
मर्ल


लेस्टेर, कॅरिआकू,
२ फेब्रुवारी १९९३

मर्ल वहिनी,

पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. तिसऱ्या दिवशी मेंढी व्याली, त्या गडबडीत राग राहून गेला. माझ्याकडे पाहुण्यांची खोली आहे, पलंग आहे, आईने शिवलेली गोधडी आहे. आणि तू भाड्याने राहणार. लोकांनी विचारलं तर सांगेन, आमची वहिनी आता शहरातली मड्डम झाली.

तर ऐक. हिल्सबरोला मिसेस लेंडोरच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. बोटीच्या धक्क्यापासून दहा पावलं. पण खाली गाण्याची पेटी आहे, तीत नाणं टाकलं की वरचा पलंग हलतो. हार्वे व्हेलला एका जर्मन बाईने लाकडी घरं बांधली आहेत. स्वच्छ आहेत, पण मागे खारफुटी. तिथले डास तुझ्यासारखीला उचलून नेतील. तिसरी जागा आमच्याच लेस्टेरमध्ये, माझी टेकडी उतरलं की खाली, अल्बर्टा स्टीलचं घर. समोर समुद्र, पुढे ओटा, खोल्या नीट. दोष एकच, खुद्द अल्बर्टा. तिच्या कानाला भिंत आडवी येत नाही.

बारचं म्हणशील तर किनाऱ्यावर तीन. सिल्व्हेस्टरचा, मोठ्या झाडाखालचा. दादा तिथे बसायचा, तुला माहीतच आहे. दुसरा कॉर्नेलियाचा, तिची शंखाच्या मांसाची आमटी खायला लोक ग्रेनाडाहून येतात म्हणे. तिसरा 'उलटी होडी', त्याचं छपरच एक जुनी होडी आहे. आत कसं आहे ते मला विचारू नकोस. दादाला जेवायला हाका मारायला सिल्व्हेस्टरकडे जायचे, तेव्हा जाता जाता दारातून जेवढं दिसायचं तेवढं सांगितलं.

आणि कोणी काही विचारणार नाही असा बार हवा असेल तर दुसरं बेट बघ. इथे तू बोटीतून उतरायच्या आधी तुझ्या बॅगेचा रंग गावाला कळलेला असेल.

तू का येते आहेस ते मला समजलं. सांगायची गरज नाही. पाच वर्षं दादाच्या उशाशी नुसती लाकडाची फळी आहे. आई म्हणायची, दगड बसवून गावजेवण होईपर्यंत गेलेला माणूस उंबऱ्यावर उभाच राहतो, ना आत ना बाहेर. दगड बायकोच्या हातून बसावा म्हणून मी थांबले होते. उशीर झाला, पण आलीस.

एव्हलिन चर्चमधली आहे म्हणजे भलीच असणार. तिला भात चालतो की मक्याच्या पिठाचं कू-कू घोटू?

ड्रुसिला


पोर्ट ऑफ स्पेन,
२० फेब्रुवारी १९९३

प्रिय ड्रुसी,

एव्हलिनला सगळं चालतं. फक्त एक गुडघा दुखरा आहे, तेव्हा जिने नकोत. म्हणजे मिसेस लेंडोरच्या खोल्या बाद. अल्बर्टाच्या कानांपेक्षा हार्वे व्हेलचे डास परवडले. जर्मन बाईकडे शेजारशेजारच्या खोल्या आहेत का बघशील? मधे दार असेल तर बरं. रात्री औषधबिवषध लागलं तर बाहेरून फिरून जायला नको.

बार सिल्व्हेस्टरचा नको. ऑस्बर्ट जिथे बसत नसे असा कुठलाही चालेल. नऊ दिवसांत मला निदान सहा संध्याकाळी वाळूत खुर्ची टाकून बसायचं आहे.

दगडाचं तू लिहिलंस. ते समोरासमोर बोलू.

तुझ्या गुडघ्यांची काळजी घे, माझ्यासाठी टेकड्या चढत-उतरत फिरू नकोस.

तुझी,
मर्ल


लेस्टेर,
९ मार्च १९९३

मर्ल वहिनी,

फिरू नकोस म्हणालीस, आणि मी तीन दिवस फिरले.

जर्मन बाईची घरं एप्रिलभर भरलेली आहेत. तिने मला पाणी विचारलं, एवढं चांगलं म्हणायचं. मग अल्बर्टाकडेच गेले. दोन खोल्या समोरच्या, मधे दार आहे. दाराला कपाट लावलं होतं, ते मी तिला सरकवायला लावलं. कपाट का सरकवायचं हे तिने चार वेळा विचारलं. मी म्हटलं, माझ्या वहिनीच्या मैत्रिणीला औषध लागतं. कसलं, ते मलाही माहीत नाही, म्हणून कसलं ते सांगितलं नाही. तेव्हापासून गावात ती आजारी आहे.

मग बार. दारातून बघून तुला काय सांगणार, म्हणून आत गेले. वहिनी, मी सत्तावन्न वर्षांची झाले आणि या किनाऱ्यावर जन्मले, पण यांपैकी एकाही बारमध्ये कधी बसले नव्हते. कॉर्नेलियाची आमटी चांगली आहे, पण खुर्च्या कडक आणि कॉर्नेलियाच्या जावयाची बडबड. सिल्व्हेस्टरकडे मी पाऊल टाकलं तसे डॉमिनोज खेळणारे चौघे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं कोणी तरी गेलं. 'उलटी होडी'मध्ये मात्र बरं वाटलं. खाली वाळू, वर होडी, वारा सरळ आत. मालकाने काय घेणार विचारलं. मी आल्याचं सरबत म्हणाले. ते संपल्यावर सूर्य अजून वर होता, म्हणून एक बिअर घेतली. मासा ताजा होता. घरी कोणी वाट बघत नव्हतं हे मला तिथून उठताना आठवलं. तू तिथेच बस.

आता मोठी बातमी. तुला आल्यावर सांगणार होते, पण माझ्याच्याने राहवत नाही. दगड तयार आहे. विंडवर्ड गावच्या गवंड्याने घडवला, नाव कोरून झालं. शनिवार, सतरा एप्रिल ठरवला. दोन मेंढ्या, एक डुक्कर, तुरीचे दाणे शेजारचे देणार आहेत. ढोलवाल्यांना सांगून झालं. आदल्या दिवशी दगड पांढऱ्या चादरीत गुंडाळून पुढच्या खोलीत ठेवू, सकाळी तू त्यावर पहिलं पाणी घालायचं. साठ-सत्तर माणसं होतील.

एव्हलिनला ढोलांची भीती वाटत नाही ना? आणि हिरवी केळी सोलता येतात का? कामाला हात लागतील.

ड्रुसिला


पोर्ट ऑफ स्पेन,
१९ मार्च १९९३

प्रिय ड्रुसी,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं, तीन फाडली.

एव्हलिन पुरुष आहे. एव्हलिन बॅप्टिस्ट, वय चौसष्ट. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम चाळीस वर्षं केलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. लग्न केलेलं नव्हतं. आम्ही जूनमध्ये लग्न करणार आहोत. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून स्वतः येऊन सांगायचं ठरवलं होतं. पत्रात मी एकही शब्द खोटा लिहिला नाही, पण तू चुकीचं समजलीस तेव्हा दुरुस्तही केलं नाही. माझी चूक आहे.

दुसरंही सांगून टाकते. दगड माझ्या मनात नव्हता. मी त्यासाठी येत नव्हते. मी सुट्टीला येत होते.

तुला हे वाचून वाईट वाटेल. तू एवढं सगळं केलंस. शनिवार रद्द करायचा, की मी यायचं नाही, की काय करायचं ते तू सांग. तू सांगशील तसं करीन.

तुझी,
मर्ल


लेस्टेर,
२७ मार्च १९९३

मर्ल वहिनी,

तुझी जुनी पत्रं काढून परत वाचली. एव्हलिन आला की आली, हे तू एकाही ओळीत कळू दिलं नाहीस. एवढं जपून लिहायला बसून विचार करावा लागतो. मला इकडे कपाटं सरकवायला लावलीस.

अल्बर्टाच्या खोल्या रद्द केल्या आहेत.

दगड सतरा तारखेला बसेल. मेंढ्या ठरलेल्या आहेत, माणसं सांगितलेली आहेत, आणि माझा भाऊ पाच वर्षं उंबऱ्यावर उभा आहे. त्याला आणखी थांबायला सांगायला मी जाणार नाही. तू यायचं तर ये. त्या माणसाला माझ्या अंगणात आणू नकोस.

ड्रुसिला


पोर्ट ऑफ स्पेन,
३ एप्रिल १९९३

प्रिय ड्रुसी,

मी येते. एव्हलिनही येईल, पण तुझ्या अंगणात येणार नाही. मिसेस लेंडोरला मी तार केली, तिच्या दुकानावरच्या खोल्या मिळाल्या. गुडघ्याचं तो बघून घेईल म्हणतो.

तुझ्या घरी का उतरत नव्हते, ते मी गोलगोल लिहिलं होतं. आता सरळ लिहिते. तुमच्या बेटावर मी वीस वेळा आले, आणि वीस वेळा बोटीतून उतरून सरळ तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात गेले. ऑस्बर्ट वर्षभर जहाजावर राबायचा, त्याला सुट्टी हवी, हे मला पटत होतं. तो सिल्व्हेस्टरकडे जायचा आणि मी त्याच्या मित्रांसाठी मासे साफ करायची. तूही माझ्या शेजारी बसून तेच करायचीस, म्हणून तुला सांगायला मला लाज वाटत होती. समुद्र मला खिडकीतून दिसायचा, भांडी घासायच्या जागेवरून. मी त्याच्यावर नाराज नाही. चांगला नवरा होता. पण एकदा त्या समुद्राजवळ बसायचं आणि दुसऱ्याने आणून दिलेलं खायचं, एवढंच माझ्या मनात होतं. वय एकोणसाठ झालं, म्हटलं आता नाही तर कधी.

शनिवारी सकाळी सहाला वर येईन. सुरी घेऊनच येते.

तुझी,
मर्ल


पोर्ट ऑफ स्पेन,
२८ एप्रिल १९९३

प्रिय ड्रुसी,

सुखरूप पोचलो. एव्हलिनचा गुडघा सुजला आहे, पण तक्रार नाही.

समोर असताना आपण दोघी फार बोललो नाही, म्हणून लिहिते. गुरुवारी धक्क्यावर तू नव्हतीस. ते मी धरूनच चालले होते. दोन रात्री आम्ही लेंडोरच्या पेटीवरची गाणी ऐकली, आता मला सगळी पाठ आहेत. शनिवारी मी टेकडी चढून आले, तेव्हा अंगणात बायका सोलायला बसल्या होत्या. मी खाली बसले आणि सुरी काढली. तू आलीस, माझ्या हातातली सुरी घेतलीस आणि म्हणालीस, "कापायला पन्नास हात आहेत. तू दगडापाशी बस." तुझा आवाज रागातला होता, म्हणून मी गुपचूप उठले.

त्या घरात दिवसाउजेडी मी पहिल्यांदाच नुसती बसून राहिले. चादरीतला दगड आणि मी. लोक येत होते, माझ्या खांद्याला हात लावून जात होते. मग पाणी घालायची वेळ आली. पाणी घालताना गेलेल्याशी काही बोलायचं असतं ना. मी आदल्या रात्री दोन वाक्यं ठरवली होती, ती आठवली नाहीत. शेवटी एवढंच म्हटलं, "ऑस्बर्ट, मी बरी आहे." तुझ्या म्हाताऱ्या मामांनी मागून "हं" म्हटलं, जणू त्याच्या वतीने. मग मला रडू आलं.

थडग्यावरून परत आल्यावर तू वाडवडिलांचं ताट वाढलंस, आणि त्यानंतर तू कुठे दिसेनास. ढोल सुरू झाले, लोक जेवायला बसले, सगळे मला विचारतात ड्रुसिला कुठे. मी घर बघितलं, मागचं आवार बघितलं. मग उताराच्या कडेला जाऊन खाली पाहिलं. 'उलटी होडी'मध्ये तू एव्हलिनच्या समोर बसली होतीस. दोघांच्या मधे ताट. मी उतरायला लागले आणि परत फिरले. वर जाऊन लोकांना सांगितलं, येईल एवढ्यात. चाळीस मिनिटांनी तू आलीस आणि काहीच न झाल्यासारखी भात वाढायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी अल्बर्टाच्या खोल्यांची किल्ली तू मिसेस लेंडोरकडे ठेवून गेलीस. रद्द केल्या म्हणाली होतीस. अल्बर्टाने सांगितलं, कोणी काही रद्द केलं नव्हतं. पुढचे दिवस कसे गेले ते तुला माहीत आहे. बहुतेक संध्याकाळी तूही आमच्या शेजारीच बसलेली होतीस.

पण त्या शनिवारी तुम्ही दोघं काय बोललात, हे एव्हलिन मला सांगत नाही. म्हणतो, "त्यांना विचार. बोलणं त्यांचं होतं, मी जेवत होतो." तेव्हा विचारते.

तुझी,
मर्ल


लेस्टेर,
८ मे १९९३

मर्ल वहिनी,

लपवण्यासारखं काही नाही, सांगते.

ताट वाढून झाल्यावर हात धुवायला कडेला गेले, तर खाली 'उलटी होडी'त एक माणूस दिसला. भर उन्हात टाय लावलेला. पाठ समुद्राकडे आणि तोंड टेकडीकडे. सुट्टीला आलेला कोणी समुद्राकडे पाठ करून बसत नाही, म्हणून मी ओळखलं हा कोण. थोडा वेळ बघत राहिले. त्याच्यापुढे काही खायला नव्हतं. दगडाच्या दिवशी गावात कोणी उपाशी राहता कामा नये, हे आईचं म्हणणं. राग वेगळा आणि ताट वेगळं. मी वाढून घेतलं आणि उतरले.

ताट ठेवलं आणि म्हटलं, "समुद्र तिकडे आहे."

तो उठून उभा राहिला. म्हणाला, "माहीत आहे."

"मग इकडे काय बघतोस?"

"मर्लला काही लागलं तर ती कडेला येऊन हात करेल, म्हणून."

"वर का नाही आलास?"

"तुम्ही नको म्हणाला होतात."

"वर निम्मे लोक न बोलावलेले जेवतायत. नको म्हटलेलेही दोघे-तिघे आहेत. त्यांनी ऐकलं नाही."

"मी ऐकलं," म्हणाला.

मी म्हटलं, बस आणि खा. तो जेवला. हाडं अशी स्वच्छ केली की मांजरीने निराश व्हावं. मी निघणार होते, पण टेकडी चढायच्या आधी जरा टेकले. मग त्याने विचारलं, "ऑस्बर्ट कसे होते?"

सकाळपासून वर जे सगळ्यांना सांगत होते तेच सांगायला लागले. चांगला खलाशी, चांगला गाणारा, दिलदार. आणि बोलता बोलता भलतंच निघालं. मी म्हटलं, हाक मारल्याशिवाय कधी जेवायला उठला नाही. तीन तीन हाका. वीस-पंचवीस वर्षं मी सिल्व्हेस्टरच्या दारात उभी राहिले, हातात उलथनं, आणि आत सगळे हसायचे की ऑस्बर्टची शिट्टी वाजली. शिट्टी म्हणजे मी. हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं, दगडाच्या दिवशी तर सांगूच नये. त्याने विचारलं, "आत का नाही गेलात?" मी म्हटलं, "कोणी बस म्हटलं नाही."

हे ऐकून तो उठला, दुखऱ्या गुडघ्याने वळसा घालून माझ्या बाजूला आला, रुमालाने खुर्ची पुसली आणि म्हणाला, "बसा." मी आधीच बसलेली होते. म्हणून उठले आणि परत बसले. बिअर मागवली त्याने.

वहिनी, त्याने माझ्याकडे परवानगी मागितली नाही. मागितली असती तर मी दिली नसती. तुझ्याबद्दल तो एवढंच बोलला की तिला मासे साफ करायला आवडत नाहीत, म्हणून आमच्याकडे ते मी करतो. मला तुझी नव्हे, जन्मभर मासे साफ करणाऱ्या माझ्या आईची आठवण झाली.

मार्चच्या पत्रात मी खोल्यांचं लिहिलं आणि खरं ते लिहिलं नाही. मला भीती वाटली होती. दादा गेला, आई गेली, पोरंबाळं मला नाहीत. दगड बसला आणि तू दुसऱ्याची झालीस की दादाच्या बाजूचं माझ्यापाशी कोण उरणार? म्हणून त्या माणसाचा एवढा राग आला. त्याला बघितलाही नव्हता. चादर काढली आणि दगडावर दादाचं नाव दिसलं, तेव्हा मला वाटलं, झालं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, मेंढ्या सोडल्या, चहा केला, आणि तू खाली अल्बर्टाच्या ओट्यावर येऊन बसावीस असं मला वाटत होतं. किल्ली कधीची माझ्याच खिशात होती.

लग्नाला येते. कॅप्टन मॅकलॉरेन्स नऊ जूनला निघतो, त्याच्या बोटीतून. माझी सोय कुठेही कर, मी नखरे करणारी नाही.

काल दुकानात मीठ आणायला गेले होते. अल्बर्टा होती, आणखी चार-पाच जण होते. तिने सगळ्यांदेखत विचारलं, "तो टायवाला माणूस तुझा कोण लागतो गं, ड्रुसिला?" दुकानदाराने वजन करायचं थांबवलं.

मी म्हटलं, "माझ्या वहिनीचा नवरा आहे."

अल्बर्टाने तोंड उघडलं, मनातल्या मनात काहीतरी जुळवून बघितलं आणि मिटलं. लग्न जूनमध्ये आहे हे मला माहीत आहे. मी जरा आधी म्हटलं, एवढंच.

तुझी,
ड्रुसिला